चाल तीच, गाणारा कोण? : 'धडक'च्या संगीतावरील एक संवाद

अजय आणि अतुल गोगावले या बंधूंनी संगीत दिलेले तीन मोठे हिंदी चित्रपट २०१८ च्या उत्तरार्धात, सहा महिन्यांच्या आत प्रदर्शित झाले : २० जुलैला 'धडक', ८ नोव्हेंबरला 'ठग्ज ऑफ हिंदोस्तान' आणि २१ डिसेंबरला 'झिरो'. 'जोगवा'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या, 'नटरंग'मधून लावणी नव्या पिढीच्या कानांवर घातलेल्या आणि 'सैराट'च्या गाण्यांनी महाराष्ट्राबाहेरही ठेका धरायला लावलेल्या या जोडीकडून त्या वर्षी मोठ्या अपेक्षा होत्या, आणि त्या बऱ्याच अंशी अपुऱ्या राहिल्या. तिन्हींत 'धडक'ने केलेली निराशा अधिक विचार करण्याजोगी आहे. 'सैराट'चाच हिंदी अवतार असलेल्या या चित्रपटाच्या चार गाण्यांपैकी दोन थेट 'सैराट'च्या चालींवर बांधलेली आहेत : 'पहली बार' हे 'याड लागलं'च्या, तर हिंदी 'झिंगाट' मराठी 'झिंगाट'च्या. संगीतकार तेच, अजय गोगावले यांचा आवाज तोच, वाद्यमेळाची भव्यताही तीच, आणि तरीही 'सैराट' ऐकलेल्या कानांना ती गाणी परकी वाटली. जिथे इतके सारे तेच राहते तिथे नेमके काय हरवते, याचा शोध घेणे म्हणजे चित्रपटसंगीत कशावर उभे असते याचाच शोध घेणे होय.

या प्रश्नावरची दोन परस्परविरुद्ध मते एका घरातही नांदू शकतात, आणि बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये अशी घरे दुर्मीळ नाहीत. होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता या दोन नावांच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी ही वसाहत बंगळुरू विकास प्राधिकरणाने शहराच्या आग्नेय दिशेला आखली. अगरा तलावापासून पसरलेल्या तिच्या सेक्टरांमध्ये संगणक व्यवसायामुळे देशभरची माणसे येऊन राहिली, आणि त्यांच्यामागोमाग गावाकडचे आईवडील, मामा, आत्या येऊन-जाऊन राहू लागले. पुढील संवादातील मामा हे करमाळा तालुक्यातील शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक असून हौसेने पेटी वाजवतात. भाची येथे संगणक अभियंता आहे, आणि तिच्या मजल्यावर एक घर कन्नड, एक तेलुगू आणि एक लखनौकडचे आहे. मामांच्या मते 'धडक'चे संगीत फसले, कारण चाल तिच्या बोलीपासून तोडली गेली. भाचीच्या मते संगीत फसलेलेच नाही; फसली ती तुलना.

मामांनी आपले म्हणणे पेटीवरूनच मांडायला घेतले. "शब्द बाजूला काढले की गाण्याचा जो स्वरांचा आणि लयीचा आराखडा उरतो, त्याला आपण चाल म्हणतो. पण या आराखड्यालाही शब्दांचा कस लागलेला असतो. 'याड लागलं'ची ओळ जिथे विसावते तिथे कान देऊन बघ. 'लं' आणि 'गं' ही अक्षरे बोलीत अनुस्वाराने लिहिली जातात, पण उच्चारताना तिथे लांबवलेला, मोकळा अकार येतो. गाणारा त्या अकारावर हवा तेवढा थांबू शकतो, आवाजात हवा भरू शकतो, आवाज थोडा फाटला तरी चालतो. हिंदीत शब्दाच्या शेवटी असा लांबवलेला अकार जवळजवळ नाहीच. 'पहली बार'मध्ये त्याच जागेवर 'जी'चा ईकार आला. ईकार म्हणताना जीभ टाळूकडे जाते आणि आवाज अरुंद होतो. स्वर तोच, गळा तोच, पण मुक्कामाची जागा आखडली."

हे निरीक्षण बारीक आहे आणि खरेही आहे. 'सैराट'मधील 'लागलं', 'झालं', 'बावरलं' ही क्रियापदे ग्रांथिक मराठीत 'लागले', 'झाले', 'बावरले' अशी लिहिली जातात. ती तशी गायली असती तर एकारावर आलेल्या त्याच चाली किती शहरी आणि आवरलेल्या वाटल्या असत्या, हे कोणालाही गुणगुणून पाहता येईल.

भाचीला मात्र हे पुरेसे वाटले नाही. तिने 'रोजा'चा दाखला दिला. मणिरत्नम यांचा हा १९९२ चा तमिळ चित्रपट हिंदीत आला तेव्हा पी. के. मिश्रा यांना ए. आर. रहमान यांच्या तयार चालींवर, आणि त्यातही पडद्यावरच्या ओठांच्या हालचालींना जुळतील असे, हिंदी शब्द बसवावे लागले. त्या शब्दांना काव्य म्हणून फारसे कोणी वाखाणले नाही, पण गाणी उत्तर भारतात घरोघरी वाजली. "मामा, अक्षराच्या शेवटच्या स्वरावरच सगळे अवलंबून असते, तर तमिळचे हिंदी होताना 'रोजा' कोसळायला हवा होता. आणि शाळेत मराठी नाटकाचा इतिहास तुम्हीच शिकवत होतात ना? अण्णासाहेब किर्लोस्करांच्या पदांच्या चाली कुठून आल्या होत्या?"

हा प्रश्न मामांच्या वर्मी लागणारा होता. बलवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे मूळचे आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. १८८० मध्ये 'शाकुंतल' आणि १८८२ मध्ये 'सौभद्र' रंगभूमीवर आणताना त्यांनी साक्या, दिंड्या, लावण्या, हिंदुस्थानी चिजा यांच्याबरोबर कानडी गीतांच्या चालीही मोकळ्या हाताने घेतल्या. नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द घालून मूळ गीताचा उल्लेख करण्याची पद्धतच होती, म्हणजे उसनवारी लपवण्याची कोणाला गरज वाटत नव्हती. त्याहीआधी, १८४३ मध्ये, सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती. मराठी नाट्यसंगीत ज्याला आपण अस्सल म्हणून मिरवतो, त्याच्या पायात परभाषेतील चाली आहेत, आणि त्याही याच कर्नाटकाच्या मातीतल्या. इथवर भाचीचा पक्ष वरचढ ठरतो, हे मान्य करायला हवे.

तिचा पुढचा पुरावा तर खुद्द अजय-अतुल यांच्याच कामातला होता. २००६ च्या 'जत्रा'मधील 'कोंबडी पळाली'ची चाल २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन आली. निर्मितीसंस्था धर्मा प्रॉडक्शन्स, गीतकार अमिताभ भट्टाचार्य, संगीतकार अजय-अतुल : पुढे 'धडक'साठी एकत्र आलेली मंडळी हीच. मराठीतून हिंदीत चाल नेण्याचाच हा प्रकार, आणि तो कमालीचा यशस्वी झाला. त्याबद्दल मराठी श्रोत्यानेही तक्रार केली नाही, उलट आपली चाल देशभर वाजते याचा त्याला अभिमानच वाटला. मग सहा वर्षांनी तीच माणसे तेच करताना चुकली कशी?

मामांनी येथे आपला पक्ष सोडला नाही, पण बदलला. संवादाचे चीज होते ते अशाच ठिकाणी. "अगं, 'कोंबडी पळाली' हे कोणाच्या मनातले गाणे नव्हतेच. ते चारचौघांसमोर नाचण्याचे गाणे होते, आणि 'अग्निपथ'मध्येही ते खलनायकाच्या अड्ड्यावर नाचण्याचेच राहिले. नाचणारी बदलली, बघणारे बदलले, पण गाण्याचे काम तेच राहिले. 'याड लागलं'चे काम निराळे आहे. मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला एक मुलगा पाटलाच्या मुलीवर जीव लावून बसला आहे, ते तिला सांगण्याची सोय नाही, आणि सांगितले तर काय होईल हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ते सुख छातीत मावत नाही म्हणून वाद्यवृंद एवढा मोठा लागतो."

या उत्तरात 'सैराट'च्या संगीताचे मर्म आहे. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. करमाळा तालुक्यातील जेऊर हे दिग्दर्शकाचे गाव, आणि उजनीच्या पाण्याकाठचा तोच मुलूख पडद्यावरही आहे. गाण्यांसाठी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत झाले. वाद्यवृंद म्हणजे व्हायोलिनच्या कुळातील तंतुवाद्ये, पितळी सुषिर वाद्ये आणि लाकडी सुषिर वाद्ये यांचा, प्रत्येकाला स्वतंत्र स्वरलेखन देऊन वाजवून घेतलेला मोठा मेळ. उसाच्या फडात आणि विहिरीच्या काठावर असा मेळ का वाजावा, असा प्रश्न पडायला हवा होता, पण पडला नाही, कारण आवाज देखाव्याचा नव्हता, मुलाच्या मनाच्या आकाराचा होता. हिंदी चित्रपटाने देखाव्यासाठी राखून ठेवलेली भव्यता एका गरीब मुलाच्या आतल्या सुखाला दिली गेली, हे मराठी चित्रपटसंगीतातील फार मोठे पाऊल होते आणि त्याचे मोल अजूनही पुरेसे ओळखले गेलेले नाही.

शशांक खेतान दिग्दर्शित 'धडक'मध्ये कथा उदयपूरला गेली. मुलगा सरोवराकाठच्या उपाहारगृहाच्या मालकाचा; मुलगी राजकीय वजन असलेल्या घराण्याची. जातीचा उल्लेख आहे, पण तो पुसट, एखाद-दुसऱ्या वाक्यापुरता. म्हणजे ज्या भीतीच्या पार्श्वभूमीवर मूळ गाण्यातला आनंद इतका उंच उडत होता ती भीतीच पातळ झाली, आणि आनंद मात्र तेवढ्याच उंचीचा ठेवला. पडद्यावर धावणारा मुलगा दिसतो, तंतुवाद्ये उसळतात, पण एवढे उसळण्यासारखे काय घडले आहे ते कळत नाही. हे अजय-अतुल यांच्या स्वरज्ञानाचे अपयश मानता येत नाही. पण पटकथेत जी जागा उरली नव्हती तिच्यासाठी जुनीच चाल देण्यास ते तयार झाले, ही त्यांची जबाबदारी टळत नाही.

भाचीने मग तिचा सर्वांत भक्कम मुद्दा पुढे केला. निराशा संगीतात नसून आठवणीत असते, असे तिचे म्हणणे. "मामा, समोरच्या लखनौकडच्या घरात 'सैराट' कोणी पाहिलेलाच नव्हता. त्यांनी 'पहली बार' आधी ऐकले आणि ते त्यांना मनापासून आवडले. त्यांची आवड खोटी कशी ठरवायची? इळैयाराजांनी 'चीनी कम'मध्ये दुसरे काय केले?" बंगळुरूत हा दाखला अतिशय चपखल आहे. शंकर नाग यांच्या १९८१ च्या 'गीता' या कन्नड चित्रपटातील एका युगुलगीताची चाल इळैयाराजांनी पुढे तमिळमध्ये आणि मग २००७ साली आर. बाल्की यांच्या 'चीनी कम'मध्ये श्रेया घोषाल यांच्या आवाजात 'जाने दो ना' या गाण्यासाठी पुन्हा वापरली. शंकर नाग हे या शहराचे आजही लाडके दैवत आहे. रिक्षांच्या मागच्या काचेवर त्यांचे चित्र असते. ज्यांनी कन्नड गाणे लहानपणापासून ऐकले त्यांनाही हिंदी गाणे टाकाऊ वाटले नाही.

मामांनी थोडा विचार करून दिलेले उत्तर या साऱ्या चर्चेतील सर्वांत नेमके आहे. "'चीनी कम'मध्ये चाल जुनी होती, पण गाणारी माणसे पूर्ण नवी होती. लंडनमधला साठी उलटलेला आचारी आणि चौतिशीची बाई, यांच्या ओढीत 'गीता'मधल्या कोवळ्या जोडीचे काहीच नाही. म्हणून लय बदलली, वाद्ये बदलली, गाण्याला नवा मालक मिळाला. 'रोजा'त उलट झाले : माणसे, प्रसंग, चेहरे, सगळे चालीबरोबर जसेच्या तसे हिंदीत गेले. 'धडक' या दोन्हींच्या मध्ये अडकला. प्रसंग तोच असल्याचा आव आणला, पण आतला माणूस बदलला. आणि माणूस बदलला असूनही चाल बदलली नाही."

हे मत स्वीकारण्याजोगे आहे, तरी त्यावर भाचीने घेतलेला आक्षेप तसाच सोडून देण्यासारखा नाही. 'सैराट'चा कन्नड अवतार 'मनसु मल्लिगे' २०१७ मध्ये आला, दिग्दर्शक एस. नारायण, संगीत अजय-अतुल यांचेच, आणि नायिकाही 'सैराट'चीच, रिंकू राजगुरू. माणसे आणि प्रसंग इतके जसेच्या तसे नेऊनही कर्नाटकात 'सैराट'सारखी लाट उसळली नाही. मामांचे प्रमेय खरे असते तर येथे गाणी तरी तशीच गाजायला हवी होती. यावर मामांनी एवढेच म्हटले की लाट उसळणे हे वितरण, वेळ आणि त्या वर्षाची हवा यांवरही असते, आणि न गाजलेले संगीत व फसलेले संगीत यांत फरक करायला हवा. उत्तर बरोबर आहे, पण पूर्ण नाही. भाषा आणि बोली यांचा जो मुद्दा मामांनी सुरुवातीला मांडून मागे घेतला होता, तो येथे थोडासा परत येतो असे दिसते. वसाहतीच्या गणेशोत्सवातील मिरवणुकीचा अनुभवही त्याच बाजूला झुकतो. हिंदी 'झिंगाट' हाताशी असताना तेथे लावले जाते ते मराठीच, आणि त्यावर नाचणाऱ्यांत मराठी न कळणारेच अधिक असतात, हे भाचीने स्वतःच कबूल केले. वरातीतल्या बेंजो पार्टीचा, म्हणजे लग्नाच्या आणि गणपतीच्या मिरवणुकीत विजेवरचा बेंजो, ढोल आणि ताशा घेऊन वाजवणाऱ्या संचाचा, ढंग त्या गाण्याच्या अंगात आहे. हिंदी शब्दांनी अर्थ जवळ आणला, पण उच्चारातला रांगडेपणा घासून गुळगुळीत केला. अर्थ न कळता नाचणाऱ्याला हवा असतो तो रांगडेपणाच.

येथपर्यंत दोष पुनर्वापराचा आहे असे वाटू शकते. 'ठग्ज ऑफ हिंदोस्तान' तो समज मोडतो. यशराज फिल्म्सच्या या चित्रपटात अमिताभ बच्चन आणि आमिर खान प्रथमच एकत्र आले, काळ १७९५ चा, खर्च अवाढव्य, आणि गाणी सगळी नवीन : 'वाशमल्ले', 'सुरैया', 'मंजूर-ए-खुदा'. वाद्यमेळ घसघशीत, कोरस दणदणीत, सुखविंदर सिंग, श्रेया घोषाल, सुनिधी चौहान यांच्यासारखे गायक. तरीही चित्रपटगृहाबाहेर त्यांतले काही टिकले नाही. ती गाणी कोणाचीच नाहीत, हेच त्याचे कारण. दोन गाणी नर्तकीची, एक मद्याच्या धुंदीतले. कथा थांबवून देखावा दाखवायचा आणि पुन्हा कथेकडे वळायचे. दीड महिन्यानंतर आलेल्या 'झिरो'मध्ये मात्र याच संगीतकारांचे 'मेरे नाम तू' आहे, आणि अभय जोधपूरकर यांच्या आवाजातले ते गाणे कोणत्याही निकषावर उत्तम उतरले आहे. चित्रपट स्वतः पडला, पण गाण्याला इर्शाद कामिल यांचे शब्द होते आणि चित्रपटाचा नायक, मेरठचा तो ठेंगणा, फुशारकी मारणारा, आतून हळवा माणूस होता. सहा महिन्यांत प्रतिभा आटत नसते आणि परत भरतही नसते.

भाचीने अखेरीस व्यवहाराची बाजू मांडली, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. 'सैराट'च्या निर्मितीत झी स्टुडिओज होते, 'धडक'च्या निर्मितीतही होते, आणि दोन्हींची गाणी झी म्युझिकच्याच नाममुद्रेवर निघाली. ज्या गाण्याने बाजार जिंकून दाखवला आहे ते हातात असताना नव्याचा धोका कोणता निर्माता पत्करेल? २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात संगीतकार आणि गीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा काढून घेता येणार नाही अशी तरतूद झाली. चित्रपटगृहाबाहेर गाणे वाजले की त्यांना हिस्सा मिळावा हा तिचा हेतू. पण गाणे पुन्हा वापरायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार बहुतेक वेळा ध्वनिमुद्रण कंपनीकडेच राहतो. "मग संगीतकाराला दोष का द्यायचा?" असे भाचीने विचारले. मामांचे म्हणणे असे की जोडीने 'धडक'साठी दोन गाणी नवीन केली, म्हणजे नवीन करण्याची मुभा होती. शीर्षकगीतात अजय गोगावले आणि श्रेया घोषाल यांचे आवाज ज्या संथपणे एकमेकांजवळ येतात, तो संथपणा त्या सरोवराच्या गावाला आणि त्या सुखवस्तू, अजाण जोडीला शोभतो. तीच वाट चारही गाण्यांत धरता आली असती.

हिंदी ही अडचण नव्हती, हे 'झुंड'ने दाखवून दिले. ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झालेला नागराज मंजुळे यांचा हा हिंदी चित्रपट नागपूरच्या झोपडपट्टीतील फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचा आहे. संगीत पुन्हा अजय-अतुल आणि शब्द पुन्हा अमिताभ भट्टाचार्य. 'लफडा झाला'मध्ये हिंदी आणि मराठी नागपूरच्या रस्त्यावर होतात तशाच सरमिसळ होतात, आणि कोण गाते आहे याची शंका राहत नाही. मामांनी हे उदाहरण निर्णायक म्हणून मांडले.

भाचीला ते निर्णायक वाटले नाही. "'झुंड'ची गाणी चित्रपटात उत्तम आहेत, मामा, पण आमच्या मजल्यावर ती कोणाला माहीत नाहीत. चित्रपट न पाहणाऱ्याच्या कानालाही संगीतकार काही देणे लागतो ना?" मामांनी ते देणे नाकारले नाही, मात्र ते फेडताना प्रसंगाची किंमत मोजली जाऊ नये, असे त्यांनी पुन्हा एकदा सांगितले. या मुद्द्यावर दोघांचे एकमत झाले नाही. 'धडक'चे शीर्षकगीत मात्र दोघांच्याही आवडीच्या गाण्यांत आहे, आणि 'पहली बार' फक्त भाचीच्या.